बोललं किती, भरलं किती

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी ती मला दाखवली नाही, मोजून दाखवली. सांगलीत नवी नोकरी लागली होती, राहायला जागा हवी होती, आणि ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं होतं की अमुक घरी दहा बाय बाराची खोली रिकामी आहे. दार उघडलं ते एका बुटक्या, गोऱ्या, टोपी घातलेल्या गृहस्थांनी. माझं म्हणणं ऐकून घेतलं, कपाटातून स्टीलची टेप काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"दहा बाय बारा म्हणायची पद्धत आहे," ते म्हणाले. "आहे ती नऊ फूट सात इंच बाय अकरा फूट चार. गिलावा आत आलाय. दार आत उघडतं, तेवढी जागा आणखी वजा धर. पटत असेल तर बोल."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पाणी किती वेळ येतं तेही सांगा, म्हणजे पोरगी पळूनच जाईल."

आपली खोली सांगितली त्याहून लहान आहे, असं सांगणारा घरमालक मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. मी तिथेच राहायचं ठरवलं. चार वर्षांनी लग्न होऊन पुण्याला गेले तोवर तिथेच राहिले.

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना 'वजनसाहेब' म्हणत. मी काका म्हणायचे आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, पन्नास ग्रॅमचं एक पितळी वजन असे, सरकारी शिक्क्याचं. भाजी घेताना ते गप्पा मारता मारता ते वजन तराजूच्या पारड्यात सोडत आणि दुसरीकडेच बघत. काटा जिथे थांबायचा तिथे भाजीवालीचं तोंडही थांबायचं. मग ते म्हणत, "आई, तुझं पासंग बघून घे एकदा." बस, तेवढंच. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. भाजी त्याच बाईकडून घेत आणि दुसऱ्या दिवशीही तिच्याकडेच जात.

माल कमी असण्याबद्दल त्यांची तक्रारच नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. त्यांची तक्रार असायची ती न सांगण्याबद्दल. दूधवाल्याला त्यांनी एकदा सांगून ठेवलं होतं, "पाणी घाल, पण सांगून घाल." त्या भल्या माणसाने ते अगदी मनावर घेतलं. सकाळी चरवी पुढे करताना तो स्वतःहून म्हणायचा, "काका, आज जरा पातळ हाय." काका समाधानाने मान डोलवत आणि ते पातळ दूध आनंदाने घेत. काकू आतून कपाळावर हात मारत.

रसवंतीत 'फुल' आणि 'हाफ' लिहिलेलं असे. काका विचारत, फुल म्हणजे किती? पोऱ्या ग्लास दाखवी. ते विचारत, काठापर्यंत की फेसापर्यंत? त्यांचा आवडता प्रश्न मात्र एकच होता आणि तो कशालाही लागू पडायचा. निवडणुकीतल्या भाषणाला, लग्नातल्या मुलाच्या पगाराला, पेपरातल्या साबणाच्या जाहिरातीला. "बोललं किती, आणि भरलं किती?"

मी जतची म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. नोकरीच्या सुरुवातीला, किलो आणि लिटर नवे नवे आले होते तेव्हा, जुनी मापं गोळा करायला त्यांना जतच्या बाजाराला पाठवलं होतं. तिथे एक कानडी बोलणारी धनगरीण लोणी विकत बसली होती. तिचं जुनं माप त्यांनी मागितलं. तिने दिलं नाही. उलट, अर्ध्या कानडीत आणि अर्ध्या मराठीत तिने त्यांना विचारलं की तुझा किलो यायच्या आधी आम्ही लोणी खातच नव्हतो काय. ही गोष्ट ते स्वतःच्या फजितीची म्हणून सांगत आणि शेवटी विचारत, "तुझ्याकडे आहे का गं याचं उत्तर? तू तिकडचीच ना?" 

मी काम करत होते ते दुकान सांगली-मिरज रस्त्यावर होतं. खाली कॉम्प्युटरची विक्री, वर क्लास. मालक संपत, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. घरची तासगावकडे द्राक्षबाग, आणि घरच्यांचं मत असं की हे डबडी विकायचं खूळ सोडून पोराने बागेत यावं. कॉम्प्युटर म्हणजे काय हे तेव्हा लोकांना धड माहीत नव्हतं. दुकानात येणारे लोक टीव्हीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत आणि चपला बाहेर काढून येत.

काकांचं मूळ गाव कराडच्या अलीकडे, कृष्णाकाठचं. ऊस भरपूर, आणि घरटी एक माणूस फौजेत. त्या गावच्या फौजी मंडळींनी मिळून गावच्या हायस्कुलाला कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. कमिटीचे प्रमुख होते एक निवृत्त सुभेदार, उंच, ताठ, मिशा कायम नुकत्याच विंचरल्यासारख्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही माहीत नव्हतं, पण आपल्या गावचा एक माणूस आयुष्यभर फसवणूक पकडत आला आहे हे माहीत होतं. सुभेदार सांगलीला येऊन म्हणाले, साहेब, तुम्ही बघून घ्या, तुम्ही बरोबर आहे म्हटलं की आम्ही डोळे मिटून घेतो. काकांनी माझ्या भरवशावर संपतचं दुकान सांगितलं. संपतला एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच आली होती. त्याने वडिलांना बागेत निरोप पाठवला की बघायला या.

मशीन बसवायच्या दिवशी आम्ही सगळे गावात होतो. शाळेच्या एका वर्गाला नवा रंग दिला होता, खिडक्यांना पडदे लावले होते. कमिटीचे लोक भिंतीकडेच्या बाकांवर बसले होते. संपतचे वडील एका कोपऱ्यात गांधीटोपी हातात धरून बसले होते. काकांनी पेट्यांवरचा कागद वाचून एकेक वस्तू ताडून घेतली. पडदा किती इंची, कळफलकावर कळा किती, सगळं. मग त्यांनी विचारलं, "हार्ड डिस्क दोन पॉइंट एक जीबी लिहिलीय. ही आत असते ना? मग तिच्यात मावतं किती ते कसं कळायचं?"

मी अभिमानाने म्हटलं, मशीनलाच विचारू. माउसचं बटण दाबलं, खिडकी उघडली. त्यात निळी-गुलाबी गोल चकती आली आणि खाली लिहून आलं, एक पॉइंट पंचाण्णव जीबी.

काका वाकले. चष्मा पुसून परत वाकले. दुसऱ्या मशीनवर बघायला सांगितलं. तिथेही तेच. सगळीकडे तेच.

"बोललं दोन पॉइंट एक," ते म्हणाले, "आणि भरलं एक पॉइंट पंचाण्णव."

संपत पुढे झाला. आम्ही सगळ्यांना सांगायचो तेच त्याने सांगितलं, साहेब, थोडं फॉरमॅटिंगमध्ये जातं.

"जातं म्हणजे कुठं जातं? उंदीर खातात?"

कुणीतरी हसलं. संपतला पुढचं काही माहीत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. आम्हाला वरच्या विक्रेत्याने जे सांगितलं होतं तेच आम्ही पुढे सांगत होतो. काका सुभेदारांकडे वळले आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले की सांगितलेलं माप भरत नाही, मला बरोबर आहे म्हणता येणार नाही.

सुभेदार उठले. "मग ठरलं. मशिनी परत. पोरं सरहद्दीवर गोठून पैसा धाडत्यात, आनि हितं मापात मारत्यात व्हय?"

काकांनी त्यांना आठवडाभर थांबायला सांगितलं. कंपनीचं म्हणणं काय ते विचारायला वेळ द्या, म्हणाले. पण शब्द पडून गेला होता. बाहेर येताना संपतचे वडील टोपी हातातच ठेवून त्याच्या बरोबर चालत होते.

पुढचे दिवस घरात आमचं एक विचित्र भांडण चाललं. भांडण म्हणावं की शिकवणी, ते अजून ठरत नाही. त्या चकतीच्या खिडकीत जीबीच्या शेजारी एक लांबलचक आकडा असतो, त्याकडे आम्ही कुणी कधी बघत नव्हतो. मी दुकानात तसल्याच एका मशीनपुढे बसून तो नीट वाचला. दोनशे दहा कोटी बाइट आणि वर थोडं. म्हणजे एका जीबीला शंभर कोटी धरलं तर पेटीवर लिहिलं होतं तेवढंच! एक बाइट म्हणजे धरून चालू एक इंग्रजी अक्षर. दोनशे दहा कोटी अक्षरं मावतील असं कंपनी म्हणत होती आणि दोनशे दहा कोटी मावत होती. तरीही तेच मशीन त्याच ओळीत त्याला दोन पॉइंट एकऐवजी एक पॉइंट पंचाण्णव म्हणत होतं. मी पुस्तकं काढली, कॅल्क्युलेटर घेतला, आणि कोडं सुटलं.

घरी येऊन काकांना सांगितलं. मशीनच्या आत दोनच गोष्टी असतात, दिवा लागलेला किंवा विझलेला. म्हणून त्याचा सगळा हिशोब दुपटीचा. दोन, चार, आठ, सोळा, असं दहा वेळा दुप्पट केलं की एक हजार चोवीस होतात. हजाराच्या जवळ आलं म्हणून सुरुवातीच्या लोकांनी त्यालाच किलो म्हटलं. एक हजार चोवीस किलोंना मेगा, एक हजार चोवीस मेगांना गिगा. प्रत्येक पायरीला फरक वाढत जातो. मशीन असं मोजतं आणि कंपनी पेटीवर सरळ हजारांनी मोजून लिहिते.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "जवळ आलं म्हणून?"

"हो."

"नऊशे ऐंशी ग्रॅमला किलो म्हणणाऱ्याला मी कोर्टात उभा केलाय. तोही जवळच आला होता."

मी म्हटलं, पण काका, हे तर हजाराहून जास्त आहे.

"जास्त दिलं तर तो दानधर्म झाला. किलो नाही झाला." ते उठून येरझाऱ्या घालू लागले. किलो हा शब्द काही कुणाच्या घरचा नाही, ते म्हणत होते. किलो म्हणजे हजार, हे गावोगाव फिरून आपण घसा फोडून सांगितलं. बाजारात, शाळेत, देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. आणि आता ही शिकलेली माणसं म्हणतात की आमचा किलो वेगळा. मग ते थांबले आणि शांतपणे म्हणाले की कंपनी बरोबर असेल तर मशीन चुकतंय आणि मशीन बरोबर असेल तर कंपनी. दोघंही बरोबर कसे असतील? रोज संध्याकाळी आम्ही इथपर्यंत येत होतो आणि इथेच अडकत होतो. सुभेदारांना दिलेला आठवडा सरत आला होता.

सुटका झाली ती रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात. काकू दळणासाठी ज्वारी मोजून काढत होत्या. त्यांच्याकडे सासूबाईंची जुनी मापं होती, लाकडी आणि पितळी, एकात एक बसणारी. काकांच्या खात्याने सगळ्या जिल्ह्याची मापं जप्त केली, पण ही सासूबाईंनी उतरंडीमागे लपवून ठेवली आणि निरीक्षक मुलाला पत्ता लागू दिला नाही. काकू ती अजून वापरत. आमचं पुन्हा दुपटीवरून सुरू झालं तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यात न समजण्यासारखं काय आहे? चिपट्या-मापट्यासारखंच आहे की."

काका पाटावरून खाली उतरून मापांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि लहानातलं लहान माप हातात घेऊन मला सांगू लागले. दोन निळव्यांचं एक कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. बोलता बोलता ते एकेक माप मोठ्यात ठेवत होते आणि त्यांचा आवाज हळू होत चालला होता. कारण प्रत्येक पायरी दुपटीची होती.

"पायलीत निळवी किती झाली?" त्यांनी मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "चौसष्ट. आणि आमच्याकडे मण सोळा पायल्यांचा." त्यांचे ओठ हलले. परत हलले. "एक हजार चोवीस."

मी विश्वास बसेना म्हणून जमिनीवर खडूने गुणाकार केला. एक हजार चोवीसच.

ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जे मोडायला सरकारने आपल्याला पगार दिला तेच अमेरिकेहून पेटीत बसून परत आलंय, असं काहीसं ते म्हणत होते. मीही हसत होते. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं.

"तुमच्याकडे सोळाचा," त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरी, पुण्याकडे, मण बारा पायल्यांचा होता."

काकांचं हसू थांबलं.

मला काही कळेना, तेव्हा काकूंनीच सांगितलं. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दोन मण तांदूळ पाठवतो म्हणून शब्द दिला होता आणि पाठवले होते. सासूबाईंनी ते उतरवून घेतले, मोजले आणि ते कमी भरले. त्यांनी भांडण केलं नाही. फक्त त्या दिवसापासून घरात काहीही थोडं पडलं, डाळ असो, तेल असो, की त्या म्हणायच्या, "हिच्या बापाचा मण." शेवटच्या आजारापर्यंत म्हणत होत्या.

"बाबांनी दोन मण मोजूनच दिले होते," काकू म्हणाल्या. "त्यांच्या मणाने."

मी काकांकडे पाहिलं. ते खालच्या मापांकडे बघत होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं. खात्यात गेलो त्याच वर्षी कळलं, कुठे बाराचा चालतो, कुठे सोळाचा. आईपुढे बोलायचा धीर झाला नाही."

"मला माहीत होतं तुम्हाला माहीत आहे ते," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. इतक्या वर्षांनी कुठून असणार? त्यांनी सूप पुन्हा ओढून घेतलं. "आता त्या संपतच्या बापापुढे तरी बोला."

काका उठले, टोपी घातली आणि गावाला निरोप द्यायला टेलिफोनच्या बूथवर गेले.

त्यानंतर काका कॉम्प्युटरच्या मापांच्या अक्षरशः नादी लागले, ते इथेच सांगून टाकते. दुकानात येऊन माझ्या शेजारी बसत आणि दिसेल त्या वस्तूचं माप काढत. एके दिवशी त्यांच्या हाती फ्लॉपी लागली. तिच्यावर लिहिलं होतं एक पॉइंट चव्वेचाळीस एमबी. त्यांनी हजाराने मोजून पाहिलं, जुळेना. एक हजार चोवीसने मोजून पाहिलं, तरी जुळेना. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी उमगलं की तिथे किलो धरलाय एक हजार चोवीसचा आणि वरचा मेगा मात्र हजार किलोंचा. म्हणजे एकाच चकतीत दोन्ही मापं. "ही मुलीकडची पण आणि मुलाकडची पण," ते म्हणाले. "दोन्ही पंगतींना जेवते." तेव्हापासून फ्लॉपीचं त्यांना विशेष प्रेम. ज्याला त्याला ते तिची कुळकथा सांगत आणि ऐकणारा बहुधा पळून जाई.

संपतकडे त्यांनी एकच मागणी केली. पाटीवर दोन्ही मापं लिही. संपतने लिहिली. पेटीवर इतकी, मशीनमध्ये दिसेल इतकी, माल तोच. एक गिऱ्हाईक ती पाटी वाचून म्हणालं, शेजारच्या दुकानात पूर्ण दोन पॉइंट एक मिळते, तुम्ही कमी का देता, आणि ते शेजारच्या दुकानात गेलं. संपत चिडून काकांकडे आला. काका म्हणाले, तो परत येईल. तो काही आला नाही. पण संपतने पाटी काढली नाही, आणि पुढे त्याचे वडील दुकानात बसायला लागल्यावर कुणी यायचा अवकाश, की ते आधी ती पाटी समजावून सांगत. त्यांचं समजावून सांगणं संपतपेक्षा चांगलं होतं.

पुष्कळ पुढे, मी पुण्याला असताना, वाचनात आलं की जगातल्या मोठ्या तज्ज्ञांनी बसून दुपटीच्या मापांना वेगळी नावं ठरवली आहेत. किलोबाइट हजाराचा, आणि एक हजार चोवीसचा तो किबीबाइट. मी काकांना पत्राने कळवलं. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं. नाव वाईट आहे पण काम चांगलं झालं, लोक म्हणतात का तसं? मी कळवलं की कुणीच म्हणत नाही. त्यावर त्यांचं पुन्हा कार्ड, की म्हणतील, आमच्या वेळीही असंच झालं होतं, घाई करू नये.

पण त्या रविवारनंतरचं राहिलंच. दुसऱ्याच दिवशी आम्ही गावाला गेलो. काका, मी, संपत आणि मागून दुसऱ्या गाडीने त्याचे वडील. शाळेच्या त्याच वर्गात तीच माणसं बसली होती. मशिनी पुन्हा पेट्यांत भरून भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. मला वाटलं होतं काका आधी दिवे आणि दुप्पट वगैरे समजावतील. त्यांनी उभं राहून पहिलं वाक्य म्हटलं ते असं.

"मागच्या वेळी मी इथे चुकीचं बोललो. या पोराने मापात मारलेलं नाही."

 संपतच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग काकांनी म्हाताऱ्या मंडळींना विचारलं की तुमच्या लहानपणी मण किती पायल्यांचा होता. बहुतेक म्हणाले सोळाचा. एक म्हातारे, ज्यांचं आजोळ पुण्याकडचं होतं, ते म्हणाले, बाराचा. त्यावरून त्यांची आपसात जुंपली. काकांनी त्यांना भांडू दिलं आणि थोड्या वेळाने म्हणाले, हेच झालंय. पेटीवर बाराच्या मणाने लिहिलंय आणि मशीन सोळाच्या मणाने मोजतंय. लहान मणाने मोजलं की मण जास्त भरतात, मोठ्या मणाने मोजलं की कमी. नाव दोघांचं एकच, म्हणून घोळ. पोतं तेच आहे.

सुभेदारांनी डोळे बारीक केले. "म्हंजे दाना कमी न्हाई?"

"एक बी न्हाई," काका म्हणाले. गावात आलं की त्यांची बोली अशी अधूनमधून परत यायची.

 सुभेदारांनी मग फौजेतलं सांगितलं. एकदा नकाशा मैलांचा आणि वरून आलेला हुकूम किलोमीटरचा. वीस किलोमीटरचे वीस मैल धरून सगळी पलटण किती चालली, आणि शेवटी चहा कसा थंड मिळाला. "लय चालवलंय त्या भानगडीनं आमाला," ते म्हणाले. मग ते काकांकडे वळले. "साहेब, चिठ्ठी धाडली असती तरी चाललं असतं. तुमी सवताहून सांगाय आला. आता मशिनीत काय हाय न्हाई ते तुमीच बघा, आमाला काय इचारू नका."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं आणि चार तरण्या पोरांनी पेट्या उघडायला घेतल्या. सुभेदारांच्या घरी जेवण होतं. आधीपासून ठरलेलं होतं की नुकतं ठरलं, ते मला कळलं नाही. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. संपतचे वडील आणि सुभेदार शेजारी बसले आणि द्राक्षावर चांगलं की उसावर याचं बोलणं पार पान उचलेपर्यंत चाललं. संपत वाढायला उठला होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसले. बाहेर ऊसतोड चालली होती, गाड्यांमागून गाड्या होत्या, आणि ते नुसते त्याकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या गावात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा, तिथे आज सगळ्यांसमोर चुकलो म्हणावं लागलं. त्यांना लागलं असणार, असं मला वाटलं. मी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

ते दचकल्यासारखे माझ्याकडे वळले.

"छे गं. उलट." मग जरा थांबून म्हणाले, "नोकरीत मी बरोबर निघालो की समोरच्याचं तोंड उतरायचं. दरवेळी. कुणाचा तराजू जायचा, कुणाचं दुकान बंद व्हायचं. आणि मी बरोबर, म्हणून मला त्याचं वाईट वाटून घ्यायचीही सोय नव्हती. आज मी चुकलो, आणि सगळे पोटभर जेवून उठले."

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली, टोपी डोळ्यांवर सरकवली आणि इस्लामपूर यायच्या आत ते झोपलेही.